कॅसेटमधले बैल आडवे फुगले तर कोणता उपाय धरावा?

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या पोळ्याची 1996 सालची कॅसेट मागच्या महिन्यात तालुक्याला देऊन पेनड्राइव्हवर करून आणली. टीव्हीला लावली, तर तोरणाखालचे बैल पोटापाशी फुगलेले, काका बुटके आणि बंडीची चाकं अंड्यासारखी आडवी. आजी म्हणाली, "आपले बैल असे डुकरावानी काऊन दिसून राह्यले बाप्पा?"

कारण साधं आहे. त्या काळच्या कॅमेऱ्यांचं आणि टीव्हीचं चित्र 4:3 मापाचं (4 भाग रुंद, 3 भाग उंच) असे, आताचे पडदे 16:9 आहेत. पडदा भरलेला दिसावा म्हणून स्टुडिओवाल्याने चित्र आडवं ताणलं. त्यामुळे रुंदी एक तृतीयांशाने वाढली आणि उंची होती तिथेच राहिली.

उपाय निवडण्याआधी मोजून बघा. चित्रात समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा आणि पडद्यावर पट्टी लावा. आमच्याकडे बंडीचं चाक सापडलं: 16 सेंटीमीटर रुंद, 12 उंच. म्हणजे ताण नक्की. चाक 10 उंच आणि साडेनऊपेक्षा थोडं कमी रुंद भरलं, तर चूक वेगळी. आपल्याकडच्या पॅल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत कॅसेटचं चित्र 720 बाय 576 पिक्सेलांत साठवतात, पण ते 768 बाय 576 इतकं पसरून दाखवायचं असतं. ते पसरणं राहून गेलं की माणसं किंचित बारीक दिसतात. चाक नीट गोल आहे पण माणसांची डोकी कापलेली आहेत, तर चित्र वरखाली छाटलंय. 4:3 चं 16:9 करताना असा पाव हिस्सा जातो आणि तो फाइलमधून परत येत नाही.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे टीव्हीच्या रिमोटवरून पिक्चर साइज 4:3 करणं. कॉम्प्युटरवर व्हीएलसी हा व्हिडिओ बघायचा प्रोग्राम असेल तर कीबोर्डवरचं 'ए' दाबत जा, प्रमाण बदलत जातं. खर्च शून्य, पण फाइल तशीच राहते. शिवाय रिमोटची सेटिंग परत बदलायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. आमच्याकडे दोन दिवस बातम्या देणारी बाई काडीसारखी दिसत होती. एकदा बघून मोकळं व्हायचं असेल तर एवढं पुरे.

दुसरा उपाय मला सगळ्यात आवडतो: चित्राला हात न लावता फाइलवरची चिठ्ठी बदलायची. व्हिडिओ फाइलमध्ये 'हे चित्र या प्रमाणात दाखव' अशी नोंद असते. एमकेव्हीटूलनिक्स या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडा, व्हिडिओ ट्रॅक निवडा, ॲस्पेक्ट रेशोच्या रकान्यात 4/3 लिहा आणि नवी फाइल काढा. चित्र पुन्हा कॉम्प्रेस होत नाही, त्यामुळे दर्जा तसूभरही घसरत नाही. वेळ जातो तो फक्त कॉपी व्हायला. मध्येच लाइन गेली तर परत सुरू करायचं, रात्र वाया जात नाही. चाकाची ती दुसरी, बारीक दिसणारी चूकही याच रकान्याने निघते. अडचण एकच: काही टीव्ही आणि फोन ही चिठ्ठी वाचतच नाहीत. आमच्या टीव्हीने वाचली, पुण्याच्या मामांच्या फोनने नाही.

अशांसाठी तिसरा उपाय, म्हणजे हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्राममध्ये फाइल नव्याने काढणं. इथे लोक घाई करतात आणि फसतात. आपली फाइल 1920 बाय 1080 असेल तर 1440 बाय 1080 करा. रुंदी कमी करा, उंचीला हात लावू नका. कॅसेटचं चित्र सेकंदाला 50 अर्ध्या चित्रांचं असतं, एकाआड एक ओळींत विणलेलं. फाइलमध्ये ती वीण अजून असेल आणि तुम्ही उंची बदललीत, तर ओळी एकमेकींत मिसळतात आणि पळत्या बैलाच्या कडेला कंगव्याचे दात उमटतात. मग डीइंटरलेसचं, म्हणजे वीण सोडवायचं, बटण दाबूनही ते जात नाहीत. म्हणून आधी डीइंटरलेस, मग माप. आपोआप कडा छाटण्याची सोयही बंद करा, नाहीतर प्रमाण पुन्हा हलतं. क्वालिटीचा आकडा 20 च्या आसपास ठेवा. तीन तासांच्या कॅसेटला माझ्या जुन्या लॅपटॉपवर अख्खी रात्र लागली, तीही तिसऱ्या प्रयत्नात, कारण बॅटरी मेलेली आणि लाइन दोनदा गेली. पण ही फाइल कुठेही लावा, बैल बैलासारखेच दिसतात. पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीचा असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. तेव्हा तिचे दोन तुकडे करा.

चौथा उपाय पुन्हा कॅसेट देण्याचा. डोकी छाटली असतील किंवा कंगव्याचे दात फाइलमध्येच पक्के बसले असतील, तरच हा. व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवायचं मशीन, बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने 2016 मध्ये ते काम थांबवलं, त्यामुळे चालू मशीन असलेला माणूस शोधावा लागतो. त्यात पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या फितीवर बुरशी असू शकते. ती न काढता चालवली तर फीतही जाते आणि त्याच्या मशीनचं हेडही.

मी मूळ फाइल तशीच जपून ठेवली, चिठ्ठी बदललेली आजीसाठी आणि नव्याने काढलेली मामांसाठी. आजीची तक्रार अजून आहेच: दोन्ही बाजूंना काळे पट्टे काऊन? ते राहू द्या. पट्टे घालवायला गेलात की बैल परत फुगतात, नाहीतर शिंगं कापली जातात. आणि पुढची कॅसेट देताना स्टुडिओवाल्याला कागदावर लिहून द्या: 4:3 ठेवा, ताणू नका, कापू नका.