वाशीतले सीएचए: ओरिजिनच्या कागदांना पाच स्टार, बाकी सर्व्हिसला तीन

आधीच सांगतो, नुसता माल सोडवायचा असेल आणि कागद सरळ असतील तर ह्या सीएचएकडे (कस्टममधून माल सोडवून देणारा एजंट) जायची काही गरज नाही, न्हावा शेव्याला ते काम करणारे पायलीला पन्नास मिळतील आणि ह्यांच्यापेक्षा स्वस्तात करून देतील. पण तुम्ही व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड, कोरिया असल्या ठिकाणाहून इलेक्ट्रॉनिक पार्ट आणत असाल आणि एफटीएची (मुक्त व्यापार करार) कमी ड्युटी, जी मालाचं ओरिजिन म्हणजे मूळ देश दाखवला की मिळते, ती लावत असाल तर मात्र ह्यांचा विचार करा. का ते नीट सांगतो, जरा लांबलचक होईल, ज्याचं काम आहे तो वाचेल.

आमचं भोसरीला छोटं युनिट आहे, कंट्रोल पॅनेल बनवतो. त्यात लागणारे पॉवर सप्लाय म्हणजे एसएमपीएस व्हिएतनामहून येतात, सेन्सर कोरियाहून, थोडे रिले जपानचे. आसियान (व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड वगैरे आग्नेय आशियाई देशांचा गट) करार 1 जानेवारी 2010 पासून लागू आहे, कोरियाचा पण त्याच दिवशीचा, जपानचा ऑगस्ट 2011 चा. बिल ऑफ एंट्रीत (कस्टमला द्यायचा आयातीचा कागद) आसियानच्या कमी ड्युटीचं 46/2011 नोटिफिकेशन टाकलं, सोबत फॉर्म एआय म्हणजे आसियानचं ओरिजिनचं सर्टिफिकेट जोडला की काम झालं असं वर्षानुवर्षं सगळे करत आले. सप्लायर सर्टिफिकेट पाठवतो, सीएचए अपलोड करतो, माल सुटतो, कोणी काही विचारत नाही.

हे सगळं 2020 ला बदललं. कस्टम्स ॲक्टमध्ये 28डीए कलम आलं आणि 21 सप्टेंबर 2020 पासून कॅरोटार नावाचे नियम लागू झाले. त्याचा सरळ अर्थ असा की तिकडच्या सरकारचा शिक्का असलेलं सर्टिफिकेट पुरेसं नाही, माल खरंच त्या देशाचा कसा ठरतो ह्याची माहिती आयात करणाऱ्याकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे असली पाहिजे, त्या माहितीचा फॉर्म 1 भरून ठेवायला पाहिजे आणि कागद पाच वर्षं जपायला पाहिजेत. ऑफिसरने मागितलं की 10 वर्किंग दिवसांत द्यायचं. नाही दिलं किंवा त्याचं समाधान झालं नाही तर प्रकरण पडताळणीला तिकडच्या देशात जातं, आणि तोवर माल हवा असेल तर ड्युटीतल्या फरकाएवढी सिक्युरिटी भरा. छोट्या माणसाचं वर्किंग कॅपिटल तिथेच अडकतं. 2024 ला तर कायद्यातला सर्टिफिकेट हा शब्द काढून प्रूफ ऑफ ओरिजिन असा केला, म्हणजे प्रकार आणखीच पुढे गेलाय.

आता गंमत अशी की हे नियम येऊन इतकी वर्षं झाली तरी बरेचसे सीएचए फॉर्म 1 कसा भरतात माहितीये का? मागच्या शिपमेंटचा कॉपी पेस्ट. तारीख बदलली, इनव्हॉइस नंबर बदलला, झालं. ह्या वाशीवाल्यांचा फरक इथेच आहे. हे लोक माल जहाजावर चढायच्या आधी कागद मागतात. पहिल्यांदा मला रागच आला होता, म्हटलं आत्ता कुठे पीओ (खरेदीची ऑर्डर) निघालीये आणि ह्यांना सप्लायरची कॉस्ट शीट हवी, कोण देतं आपली कॉस्टिंग? पण त्यांच्याकडे डॉक्युमेंटला ज्या मॅडम आहेत त्या हटत नाहीत. सरळ म्हणाल्या, सर, आकडे मला नका दाखवू, सप्लायरला टक्केवारी आणि प्रत्येक पार्ट कुठून आला एवढं लिहून द्यायला सांगा, पण ते येईपर्यंत मी 46/2011 टाकणार नाही.

मग ती शीट आली. इथे थोडं गणित आहे, कंटाळा करू नका. आसियान करारात असल्या मालाला दोन अटी एकदम लागतात. एक म्हणजे बाहेरच्या देशातून आलेल्या पार्टचा एचएस कोड (कस्टमच्या वर्गवारीतला मालाचा आकडा) आणि तयार मालाचा कोड ह्यात सहा आकड्यांच्या पातळीला फरक पडला पाहिजे, आणि दुसरी म्हणजे किमान 35 टक्के व्हॅल्यू आसियानमधली (किंवा भारतातली) असली पाहिजे. उलट्या बाजूने सांगायचं तर बाहेरचा माल आणि ज्याचा पत्ता लागत नाही असा माल मिळून एफओबी किमतीच्या (जहाजावर चढवेपर्यंतची किंमत) 65 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. पहिली अट आमच्या पॉवर सप्लायला सहज बसत होती, ट्रान्सफॉर्मर 8504.31 मध्ये, तयार सप्लाय 8504.40 मध्ये, कपॅसिटर 8532, बेअर पीसीबी (रिकामा सर्किट बोर्ड) 8534, सगळेच वेगळे.

दुसरीवर गाडी अडली. सोप्या आकड्यात सांगतो, एफओबी 10 डॉलर धरा. सप्लायरने चीनचे पार्ट म्हणून 5.40 डॉलर दाखवले होते, म्हणजे 46 टक्के व्हॅल्यू व्हिएतनामची, आरामात पास. मॅडमनी शीटमधली एकच ओळ पकडली. ट्रान्सफॉर्मर, 1.40 डॉलर, ओरिजिन व्हिएतनाम, आणि समोर सप्लायर म्हणून हायफाँगच्या एका ट्रेडरचं नाव. त्यांचा मेसेज जसाच्या तसा आठवतोय, "सर ट्रान्सफॉर्मर कुठे बनला ते विचारा, कुठे विकत घेतला ते नको." विचारलं. दोन-चार मेल टोलवाटोलवी झाली आणि शेवटी सप्लायरने कबूल केलं की ट्रेडरकडे तो चीनच्या ग्वांगडाँगवरून येतो. तो 1.40 तिकडे मिळवा, 6.80 झाले. 68 टक्के बाहेरचं, 32 टक्के आतलं. नापास. आणि सर्टिफिकेट? सर्टिफिकेट तर तिकडच्या उद्योग आणि व्यापार मंत्रालयाच्या सही-शिक्क्यासकट मिळणारच होतं, कारण सप्लायरने जे लिहून दिलं त्यावरच ते देतात.

ह्यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सप्लायर मोठा हुशार निघाला, म्हणाला काही टेन्शन घेऊ नका, आपण इनव्हॉइस साडेदहाचा करू, वरचा अर्धा डॉलर नंतर दुसऱ्या मालात ॲडजस्ट करतो. करून बघा कॅल्क्युलेटरवर, 6.80 भागिले 10.50, 64.8 टक्के. लगेच पास! माझ्या ओळखीत असे लोक आहेत जे हे हसत हसत करतील आणि असे सीएचए पण आहेत जे हा सल्ला स्वतःहून देतील. ह्या वाशीवाल्यांनी साफ नाही म्हटलं. खोटी व्हॅल्यू दाखवून ओरिजिन मिळवलं तर ती लपवाछपवी धरतात, आणि मग साध्या केसला जी नोटीस दोन वर्षांच्या आत द्यावी लागते ती पाच वर्षं मागे जाऊन देता येते, वर 15 टक्क्यांनी व्याज, दंड वेगळा. त्यांनी सांगितलं की हा लॉट पूर्ण ड्युटी भरून आणा आणि पुढच्या लॉटला सप्लायरला तिकडेच बनणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायला लावा, बनवणाऱ्याचं डिक्लरेशन सोबत. तसंच केलं. त्या लॉटला मार्जिन गेलं, बायकोला पण सांगितलं नाही किती गेलं ते. पण आयजीएसटीचं (आयातीवरचा जीएसटी) क्रेडिट मिळतं, बेसिक ड्युटी आणि तिच्यावरचा 10 टक्के सरचार्ज हाच काय तो आपल्या खिशातून जातो, त्यामुळे हिशोब करून बघितला तर रात्री झोप लागणं त्यापेक्षा महाग आहे.

बाकी बारीकसारीक गोष्टीत पण ह्यांची नजर चांगली आहे. एकदा माल व्हिएतनामहून आणि इनव्हॉइस सिंगापूरच्या एजंटचा असा प्रकार होता. करारात असं चालतं, पण फॉर्म एआयवर थर्ड कंट्री इनव्हॉइसिंगच्या चौकटीत टिक पाहिजे. ड्राफ्टवर ती नव्हती. नंतर पेनाने टिक मारून भागत नाही बरं का, खाडाखोड केलेलं आणि इश्यू करणाऱ्याने सही न केलेलं सर्टिफिकेट असेल तर ऑफिसर पडताळणीला न पाठवता थेट नाकारू शकतो, तसं कायद्यातच लिहिलंय. ड्राफ्ट आधी मागवला होता म्हणून वाचलो.

आणखी एक, जे मला कोणी फुकटात सांगितलं नसतं. आम्ही काही कंट्रोलर आयसी (चिप) सुटे आणतो, त्यासाठी मी मलेशियाच्या डिस्ट्रिब्युटरच्या मागे सर्टिफिकेटसाठी लागलो होतो आणि तो त्याचे वेगळे पैसे मागत होता. मॅडम म्हणाल्या कशाला? 8542 मधल्या आयसीवर तशीच बेसिक ड्युटी शून्य आहे, 1996 चा तो आयटी करार (आयटीच्या मालावरची ड्युटी काढणारा), भारत त्यात आहे, माल कुठल्या का देशाचा असेना. एफटीए लावलाच नाही तर कॅरोटार पण नाही, फॉर्म 1 पण नाही. जो सीएचए स्वतःचं काम कमी करणारा सल्ला देतो तो मला तरी आवडतो.

आता तक्रारी, कारण सगळंच गोड लिहिलं तर लोक म्हणतील पैसे घेऊन लिहिलंय.

फोन. दुपारनंतर ह्यांचा फोन लागणं म्हणजे नशीब. व्हॉट्सॲपवर ब्लू टिक येते, उत्तर येत नाही. ओरिजिनचं सगळं ज्ञान त्या एका मॅडमच्या डोक्यात, त्या सुट्टीवर गेल्या की मागची पोरं "मॅडम आल्यावर बघू सर" ह्यापलीकडे बोलत नाहीत, आणि तिकडे सीएफएसचं (बंदराजवळचं कंटेनरचं गोदाम) मीटर चालू असतं. एका शिपमेंटला कस्टमची क्वेरी आली ती आम्हाला उशिरा कळवली, 10 दिवसांतले बरेचसे त्यांच्या इनबॉक्समध्येच गेले, मग माझी आणि सप्लायरची पळापळ. ह्याबद्दल सॉरी म्हणाले, डेमरेजमधला (माल पडून राहिल्याचं भाडं) वाटा मात्र उचलला नाही. बिलात "मिसलेनियस" नावाची ओळ असते, तिचा खुलासा मागितला की दोन दिवसांनी वेगळ्याच नावाने तीच रक्कम येते. एफटीए तपासणीचे चार्जेस वेगळे लावतात, त्याला माझी ना नाही, पण कोटेशनमध्ये ते स्पष्ट लिहा ना.

कोरिया-जपानच्या मालात फारसा ताप नाही, नियम जवळपास तसाच, कोडातला बदल आणि 35 टक्के, पण तिकडचे सप्लायर कागदाला पक्के. जपानी कंपनीला विचारलं तर त्यांनी पार्टवार तक्ता करून पाठवला, वर आभार मानले. खरा ताप आहे तो चीनमधून कारखाने व्हिएतनाम-थायलंडला हलले आणि आतले पार्ट अजून चीनचेच, त्या मालात. किट आणून चार स्क्रू मारले आणि लेबल लावलं तर ओरिजिन मिळत नाही, करारात साधी जुळवाजुळव बाद धरलीये. पण एसएमटी लाइन (बोर्डवर पार्ट बसवणारी मशिनं) लावून बोर्ड तिथेच भरला, टेस्टिंग केलं तर ती साधी जुळवाजुळव नाही, आणि तरी पार्टच्या किमतीमुळे 35 टक्क्यांवर येताना दमछाक होते. आपण नोव्हेंबर 2019 ला आरसेपमधून (आसियान, चीन, जपान, कोरिया वगैरेंचा मोठा व्यापार करार) बाहेर पडलो तेव्हा जी कारणं सांगितली त्यात हे पण होतं की चीनचा माल दुसऱ्याच्या नावाने येईल. भीती खरी आहे, मी स्वतः बघतोय. फक्त ती तपासायची जबाबदारी भोसरीतल्या वीस माणसांच्या युनिटवर टाकली आहे हे मला पटत नाही. मोठ्या कंपनीच्या परचेस हेडने कॉस्ट शीट मागितली की सप्लायर विमानाने घेऊन येतो, आम्ही मागितली की तो दुसरा गिऱ्हाईक बघतो. नियम एक, पण वजन वेगवेगळं. सरकारने निदान असं करावं की सप्लायरने आकडे बंद पाकिटात थेट कस्टमला द्यावेत आणि मध्ये आयातदाराला लटकवू नये. पडताळणीत गोपनीय माहिती तशी जाते पण ते पुढचं पाऊल झालं, तोवर सिक्युरिटी भरून झालेली असते.

तर कोणी जावं? वर्षाला एक-दोन पार्सल कुरिअरने आणणाऱ्याने नको, परवडणार नाही. फक्त चीनहून माल आणणाऱ्याने पण नको, त्यांचं वेगळंच दुखणं. रेग्युलर आसियान माल असेल, पार्ट मिक्स असतील, आणि सप्लायरवर तुमचा थोडा तरी वट असेल तर जा. पहिल्या मीटिंगला जाताना तीन गोष्टी घेऊन जा, सप्लायरकडून पार्टची यादी एचएस कोडसकट, प्रत्येक पार्ट बनवणाऱ्याचं नाव (विकणाऱ्याचं नाही), आणि जुन्या शिपमेंटचा फॉर्म 1. तिसरी गोष्ट बघून मॅडम बहुतेक कपाळाला हात लावतील, लावू द्या. आणि सकाळी अकराच्या आत जा, नंतर त्या ई-संचितच्या (कस्टमला कागद द्यायची ऑनलाइन सिस्टिम) अपलोडमध्ये अडकलेल्या असतात, मग मिसलेनियसवाला साहेब भेटतो.