नेटवर्क डिस्कव्हरी सुरू करून नऊ महिने: वापरानंतरचा अनुभव

माझ्या घरच्या नेटवर्कवर दोन विंडोज संगणक, एक लिनक्स लॅपटॉप, वाय-फाय प्रिंटर आणि फायली साठवण्यासाठीचा एक नॅस आहे. नऊ महिन्यांपूर्वीपर्यंत या सर्वांचे आयपी पत्ते मी एका वहीत लिहून ठेवत असे, आणि राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला की त्यांतले काही हमखास बदललेले असत. त्या वहीतून सुटण्यासाठी मी सर्व यंत्रांवर स्वयंचलित शोध (नेटवर्क डिस्कव्हरी), म्हणजे यंत्रांनी नेटवर्कवर एकमेकांना आपोआप शोधण्याची सोय, सुरू केला. तो आजही सुरू आहे, पण पहिले दोन महिने त्याने बरेच दमवले.

विंडोजमध्ये नेटवर्क डिस्कव्हरीचे बटण चालू केले म्हणजे काम झाले, असा माझा समज होता. प्रत्यक्षात नेटवर्कची नोंद ‘पब्लिक’ (सार्वजनिक) आहे की ‘प्रायव्हेट’ (घरचे, विश्वासाचे), यावर सगळे अवलंबून असते. राउटर बदलल्यावर एका संगणकाने नेटवर्क नवे समजून ते पब्लिक ठरवले आणि शोध निमूटपणे बंद झाला. हे दुरुस्त केल्यावरही तो संगणक इतरांना कधी दिसे, कधी नाही. ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा आपले अस्तित्व इतरांना कळवते, आणि ती मॅन्युअल स्थितीत होती. ती ऑटोमॅटिक केल्यापासून ही तक्रार पुन्हा आलेली नाही.

नॅसचा प्रश्न अधिक चिवट होता. त्याचे जुने फर्मवेअर (यंत्रातील मूळ सॉफ्टवेअर) केवळ नेटबायोस या जुन्या पद्धतीने नाव जाहीर करत असे, आणि ती यादी पाहण्यासाठी विंडोजला एसएमबी १ (नेटवर्कवर फायली वाटण्याच्या पद्धतीची जुनी आवृत्ती) लागते, जी विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एकतर नसते किंवा वापरली नाही तर आपोआप काढली जाते. ती पुन्हा बसवण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरचा प्रसार याच जुन्या एसएमबीतील त्रुटीतून झाला होता, हे लक्षात घेता मला तो सल्ला अत्यंत चुकीचा वाटतो. फर्मवेअर अद्ययावत केल्यावर नॅसला डब्ल्यूएस-डिस्कव्हरी (विंडोज आता वापरते ती शोधाची पद्धत) मिळाली आणि तो यादीत दिसू लागला.

लिनक्स लॅपटॉपवर अवाही हे शोधाचे सॉफ्टवेअर आधीपासूनच होते. ते एमडीएनएस (स्थानिक नेटवर्कवर नावावरून पत्ता शोधण्याची पद्धत) वापरते, म्हणजे २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट पत्त्यावर ५३५३ पोर्टवरून सर्वांना एकदम विचारणा होते आणि ज्याचे नाव असेल तो उत्तर देतो. त्यामुळे नावापुढे ‘.लोकल’ लावले की आयपी पत्ता लागतच नाही. एक बारीक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. प्रिंटरची विजेची वायर थेट काढली, तर निरोपाचा संदेश न गेल्याने तो काही काळ यादीत तसाच दिसत राहतो, कारण सेवांच्या नोंदींची मुदत साधारणपणे ७५ मिनिटांची असते.

सर्वाधिक वेळ गेला तो वाय-फायवर. केबलने जोडलेल्या संगणकाला प्रिंटर नेहमी सापडे, वाय-फायवरच्या लॅपटॉपवरून मात्र तो अधूनमधून नाहीसा होई. मल्टिकास्टचे संदेश वाय-फायवर सहसा कमी वेगाने जातात आणि ते पोहोचल्याची पोचपावती येत नाही, त्यामुळे हरवलेला संदेश हरवलेलाच राहतो. प्रिंटर निजण्याची वेळ वाढवून पाहिली, चॅनेल बदलले. अखेरीस राउटरमधील आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्टचे संदेश फक्त मागणाऱ्या यंत्रांकडेच पाठवण्याची सोय) बंद केल्यावर प्रिंटर स्थिरपणे दिसू लागला. प्रत्येक राउटरवर हाच उपाय लागू पडेल असे नाही, परंतु तपासायची पहिली जागा तीच, असे मी आता म्हणेन.

सुरक्षेबाबत एक गल्लत नेहमी होते. उपकरणे शोधणे वेगळे आणि राउटरवरील यूपीएनपी या सोयीने बाहेरच्या जगासाठी पोर्ट (आत येण्याचे मार्ग) आपोआप उघडणे वेगळे. मी राउटरवरील ती सोय पहिल्या दिवसापासून बंद ठेवली आहे आणि त्यामुळे शोधात एकदाही अडथळा आला नाही. फाइल शेअरिंगही स्वतंत्र आहे: यंत्र यादीत दिसले, तरी फोल्डर उघडायला पासवर्ड लागतोच.

प्रिंटर आणि नॅस यांचे पत्ते मी राउटरमध्ये राखूनही ठेवले आहेत, कारण शोध कधी चुकला तर थेट पत्त्याने काम चालू राहते. पाहुण्यांचे फोन गेस्ट नेटवर्कवर असल्याने त्यांना प्रिंटर दिसत नाही. तेवढ्यासाठी मुख्य नेटवर्क खुले करणे मला पटत नाही. ते फाइल पाठवतात आणि मी छापून देतो.