बीएलडीसी पंखा घ्यावा का? आधी बिलातला वरचा टप्पा बघा

दुकानात बीएलडीसी पंख्याचं (म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या डीसी मोटरच्या पंख्याचं) खोकं हातात घेतलं की त्यावर ‘६५ टक्के बचत’ असं काहीतरी ठळक छापलेलं दिसतं. आकडा खोटा नाही, पण तुलना ७५ वॅटच्या जुन्या पंख्याशी केलेली असते, आणि तीही पूर्ण वेगावरची. घरी गेल्यावर वाचतात ते टक्के नव्हेत, युनिटं. त्या युनिटांची किंमत प्रत्येक घरात वेगळी असते.

महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे आहेत : १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा. २०२४-२५ सालचे वीज आकाराचे दर अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५ आणि १६.६४ रुपये होते. प्रत्येक युनिटवर १.१७ रुपये वहन आकार (वीज तारांतून पोचवण्याचा) वेगळा, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिल्या टप्प्यातलं युनिट सुमारे ६.८० रुपयांना पडत होतं, दुसऱ्यातलं १३.३० ला, तिसऱ्यातलं १८.२५ ला. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो यात धरलेला नाही. दर पुढे बदलले आहेत आणि बदलत राहतील, त्यामुळे हिशोब करताना आपल्या बिलावरचा दरतक्ताच घ्यावा. पण पद्धत हीच. वाचलेलं युनिट नेहमी वरच्या, महाग टोकाकडून कमी होतं. एकूण बिलाला युनिटांनी भागून काढलेली सरासरी इथे फसवते, कारण त्या रकमेत स्थिर आकारही असतो आणि तो पंखा बदलून एक रुपयाही कमी होत नाही.

आता पंखा. जुना १२०० मिलिमीटरचा पंखा पूर्ण वेगावर ७५ वॅटच्या आसपास खातो, चांगला बीएलडीसी ३० च्या आसपास. फरक ४५ वॅट. रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिटं. तुमचं बिल १०० ते ३०० युनिटांत असेल तर वरच्या दरांनी हे झाले महिन्याला साधारण २१५ रुपये. पंखा ३,००० चा धरला तर १४ महिने वापरल्यावर पैसे वसूल. वापर १०० युनिटांच्या आतच असेल तर तीच १६ युनिटं ११० रुपयांची होतात आणि वसुलीला सव्वादोन वर्षं लागतात. थंडीत पंखा बंद असतो ते महिने यात मोजायचे नाहीत. गोव्यात घरगुती दर बरेच कमी, तिथे मुदत आणखी लांबते.

मधल्या घरांचा हिशोब थोडा वेगळा आहे. महिन्याला १२० युनिटं जळतात आणि दोन पंखे बदलून ३२ वाचली, तर त्यातली २० महागड्या टप्प्यातली, उरलेली १२ स्वस्तातली. एकूण साधारण ३४५ रुपये. तिसरा पंखा बदलला तर त्याची सगळी बचत स्वस्त टप्प्यातच पडेल. तिथे थांबावं.

खोक्यावरची तुलना आणखी एका ठिकाणी जुनी झाली आहे. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना बीईईचं (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं) स्टार लेबल सक्तीचं आहे. स्टार ठरतात ‘सर्व्हिस व्हॅल्यू’वर, म्हणजे एका वॅटमागे मिनिटाला किती घनमीटर हवा फेकली यावर. १२०० मिलिमीटरच्या पंख्याला एका स्टारसाठी किमान ४ आणि पाच स्टारसाठी किमान ६ लागतात. हवा २१० घनमीटर धरली तर एक स्टार पंखा ५२ वॅटच्या आसपास येतो आणि पाच स्टार ३५ च्या आत. म्हणजे आज दुकानात मिळणारा साधा एक स्टार पंखाही ७५ वॅटचा राहिलेला नाही. जुना पंखा बिघडला आणि नवा घ्यायचाच आहे, तर खरी तुलना ५२ विरुद्ध ३० अशी आहे. बचत महिन्याला ८ युनिटं, दुसऱ्या टप्प्यात शंभर-सव्वाशे रुपयांच्या आत. किमतीतला फरक १,२०० ते १,५०० असेल तर तो वर्षभरात, फार तर दोनेक महिने जास्त लागून निघतो. हा सौदा डोळे मिटून करावा. चालू, न कुरकुरणारा पंखा काढून नवा लावणं मात्र फक्त दिवसरात्र फिरणाऱ्या पंख्याच्या बाबतीत परवडतं : हॉल आणि झोपायची खोली. स्वयंपाकघरात तासभर फिरणारा पंखा बदलण्यात अर्थ नाही.

लेबलवर स्टारपेक्षा दोन आकडे वाचा : वॅट आणि हवा. काही मॉडेलं वॅट कमी दाखवायला वेगच कमी ठेवतात. हवा २१० च्या खाली असेल तर मे महिन्यात पंखा सतत पाचवर राहणार आणि तरी घाम येणार. २२० ते २३० घनमीटर आणि ३५ वॅटच्या आत, ही मापाची खरेदी.

कमी वेगावर बीएलडीसीचं पारडं वेगळ्या कारणाने जड होतं. जुना चौकोनी, गरम होणारा रेग्युलेटर पंख्याचा वेग कमी करतो खरा, पण वीज स्वतःत जाळतो. कपॅसिटरवाला रेग्युलेटर बराच बरा, तरी त्याच्यावर तीन नंबरला साधा पंखा ४० वॅटच्या आसपास घेतो. बीएलडीसी तीनवर १० ते १५ वॅटमध्ये भागवतो. रात्रभर दोन-तीनवर पंखा चालवणाऱ्यांना याचा फायदा होतो. आत छोटा पॉवर सप्लाय असल्याने व्होल्टेज पडल्यावरही वेग पडत नाही. संध्याकाळी १७० व्होल्ट येणाऱ्या गावांत हा गुण बचतीपेक्षा मोठा ठरतो. काही इन्व्हर्टरांवर साधा पंखा गुणगुणतो, हा नाही, आणि बॅटरीही जास्त वेळ टिकते.

बसवताना जी चूक सर्रास होते ती रेग्युलेटरची. बीएलडीसी पंख्याला पूर्ण व्होल्टेज लागतं, वेग आतलं कार्ड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट, ठरवतं. भिंतीवरचा रेग्युलेटर लाइनमध्ये राहिला आणि कुणी तो दोनवर फिरवला की पंखा थांबतो-चालू होतो, काही दिवसांनी कार्ड जातं, आणि वॉरंटीवाला रेग्युलेटर बघून हात वर करतो. वायरमनकडून समोर उभं राहून करून घ्या : एमसीबी बंद, टेस्टरने खात्री, रेग्युलेटर काढून त्याच्या दोन्ही वायरी कनेक्टरने एकमेकींना जोडायच्या, भोकावर कोरी प्लेट. खटका तसाच ठेवायचा. हिरवी अर्थिंगची वायर बहुतेक वेळा वरच्या वाटीत तशीच लोंबत सोडतात, ती जोडून घ्या. वेगळा कंडेन्सर लागत नाही, कुणी लावायला निघाला तर थांबवा.

उणिवा आहेत. पहिली, दुरुस्ती. साध्या पंख्याचं वाइंडिंग कोपऱ्यावरचा माणूस भरून देतो, बीएलडीसीचं कार्ड तो उघडतही नाही. कार्ड जातं ते बहुधा विजांच्या पावसात किंवा सोसायटीचं न्यूट्रल सुटल्यावर, जेव्हा २३० ऐवजी भलतंच व्होल्टेज घरात शिरतं. विजा कडाडताना खटका बंद ठेवावा, रिमोटने बंद करून उपयोग नाही. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेलं व्होल्टेज अडवणारं उपकरण) असेल तर उत्तम. घेताना वॉरंटी किती वर्षांची यापेक्षा माणूस घरी येतो का आणि तुमच्या तालुक्यात येतो का, हे विचारा. ऑनलाइन दोनशे रुपये स्वस्त मिळालेला पंखा खाली उतरवून सर्व्हिस सेंटरला न्यावा लागला, तर ते दोनशे रिक्षातच जातात.

दुसरी, रिमोट. एका हॉलमध्ये एकाच कंपनीचे दोन पंखे असले की एका रिमोटला दोन्ही ऐकतात. काही मॉडेलांत रिमोट ठरावीक पंख्याशी जोडता येतो, ते आधी विचारून घ्या. रिमोट हरवला किंवा सेल संपले तर खटका चालू-बंद करून वेग बदलता येतो का, हेही बघा. घरात म्हातारी माणसं असतील तर ही सोय हवीच. वीज गेल्यावर शेवटचा वेग लक्षात ठेवणारं मॉडेल घ्यावं, नाहीतर पहाटे तीनला रिमोट शोधत बसावं लागतं.

पंखा खरंच ३० वॅट घेतो का, ते घरच्या मीटरवर कळतं. मीटरवर ‘३२०० इम्पल्स’ असा काहीतरी आकडा छापलेला असतो आणि एक लाल दिवा लुकलुकत असतो. फ्रिज, वायफाय, टीव्हीसकट सगळं बंद करून फक्त पंखा पाचवर चालवा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३६ लाखाला आधी सेकंदांनी, मग इम्पल्सच्या आकड्याने भागलं की वॅट मिळतात. ३२०० च्या मीटरवर १५ सेकंद आले तर ७५ वॅट, ३७ ते ३८ आले तर ३०. एकाच फेरीवर विसंबू नका, पाच फेऱ्यांची सरासरी घ्या. जुना पंखा उतरवण्याआधी त्याचंही माप घेऊन ठेवा. तो आधीच ५०-५५ वर असेल तर घाई नको.

आणि बिल ५०० युनिटांचं असेल तर सुरुवात पंख्याने करू नये. २,००० वॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला की महिन्याला ३० युनिटं, म्हणजे दोन पंखे बदलून मिळणाऱ्या बचतीएवढी. तिथे आधी गिझर आणि एसी बघावेत, पंखे मागून.

काढलेला जुना पंखा गॅलरीत किंवा मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत लावण्याचा मोह होतो. तिथे तो रोज सहा तास फिरला तर महिन्याला साडेतेरा युनिटं खाईल, म्हणजे नव्याने वाचवलेल्या सोळांपैकी जेमतेम अडीच उरतील. त्यापेक्षा तो भंगारवाल्याला द्यावा, वाइंडिंग तांब्याचं असेल तर भाव ठरवताना ते सांगायला विसरू नका.