स्टोरेज सेन्स: सहा महिने वापरलं, आता सांगतो

स्टोरेज सेन्स म्हणजे विंडोजमध्येच असलेली, नको त्या फायली आपोआप काढून डिस्कवर जागा करणारी सोय. आधी माझं काम सांगतो म्हणजे हा रिव्ह्यू कुठल्या खुर्चीतून लिहिलाय ते कळेल. बडोद्यात दांडिया बाजारात छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, बॅनर, शाळेची आयकार्डं, येईल ते काम. कॉम्प्युटर एकच. त्यात २५६ जीबीची एसएसडी म्हणजे सी ड्राइव्ह, आणि कामाच्या फायली ठेवायला १ टीबीची जुनी हार्ड डिस्क म्हणजे डी. डीमध्ये जागाच जागा, सी मात्र दर दोन महिन्यांनी लाल. आणि ती लाल पट्टी बरोब्बर लग्नसराईत नाहीतर नवरात्राच्या तोंडावरच येते, गिऱ्हाईक समोर बसून "भाई, केटली वार?" म्हणजे किती वेळ, असं विचारत असतं आणि इकडे सॉफ्टवेअर म्हणतंय डिस्क फुल.

मी सीमध्ये काही ठेवतच नाही तर भरतं कसं, हा प्रश्न मला कितीतरी वर्षं होता. उत्तर निघालं टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फायली. मोठी फाईल उघडली की मेमरीत मावत नाही तेवढं काम सॉफ्टवेअर डिस्कवर टाकून ठेवतं आणि नीट बंद केलं की आपलं आपण आवरून घेतं, आमच्याकडे कटिंग करताना टेबलाखाली कातरण पडते आणि शटर ओढायच्या आधी झाडू मारतो तसंच. पण मधेच लाईट गेली तर झाडू मारणार कोण? मागच्या पावसाळ्यात गणपतीचा दहा बाय वीसचा बॅनर चालू होता, यूपीएस टीं टीं करून मेला, आणि नंतर टेम्प फोल्डर उघडून बघतो तर "फोटोशॉप टेम्प" आणि पुढे लांबलचक आकडे अशा नावाच्या तीन फायली, प्रत्येकी चार-पाच जीबी. सॉफ्टवेअरला दोष देऊन उपयोग नाही, बिचाऱ्याला बंद व्हायची संधीच मिळाली नाही.

तर मग दर सोमवारी मी विंडोजचं बटण आणि आर दाबायचो, टक्क्याचं चिन्ह, टेम्प, परत टक्का, एंटर, सगळं सिलेक्ट करून डिलीट, जे उघडं असेल ते स्किप. चालायचं. पण लग्नसराईत सोमवार कधी येतो कधी जातो कळत नाही. मध्ये एक फुकटचं क्लीनर पण टाकून बघितलं, नाव घेत नाही, रोज सकाळी दुकान उघडलं की ते मला सांगणार तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तीन हजार प्रॉब्लेम आहेत, साफ करा दाबलं की पैसे मागणार, आणि एक दिवस ब्राउजर साफ करतो म्हणून माझी सगळी लॉगिन घालवली. दुकानाच्या मेलचा पासवर्ड कोणाला पाठ असतो हो? अर्धा दिवस त्यात गेला.

शेवटी भाच्याने दाखवलं. "मामा, हे विंडोजमध्येच आहे की, तू बाहेरचं कशाला टाकतोस?" सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, आणि तिथे स्टोरेज सेन्स. २०१७ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये आहे म्हणे, अकरामध्ये पण तेच, आणि मी रोज त्याच कॉम्प्युटरसमोर दहा तास बसून कधी बघितलं नव्हतं. माझा आपला जुना डिस्क क्लीनअप, विंडोज ९८ पासूनचा म्हातारा. तो अजून उघडतो, पण मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्येच सांगून टाकलंय की आता त्याच्यात नवीन काही येणार नाही. शिवाय त्याला दरवेळी आपणच हाक मारायची.

स्टोरेज सेन्सला कधी चालायचं ते एकदा सांगून ठेवायचं: रोज, आठवड्याला, महिन्याला, नाहीतर जागा कमी पडेल तेव्हा. मी आठवड्याला ठेवलंय. जे टेम्प कुठलंच सॉफ्टवेअर वापरत नाहीये ते उडवतं, उघडं असेल त्याला हात लावत नाही. रिसायकल बिन ३० दिवसांवर आहे ते मी तसंच राहू दिलं. पहिल्या दिवशी हाताने "आत्ता चालव" दाबलं तर ३८ जीबी मोकळी झाली! खोटं नाही सांगत, मी खाली उतरून सेव उसळ खाऊन आलो. त्यानंतर गंमत म्हणजे ते आहे हेच विसरायला झालं. घंटी नाही, प्रॉब्लेमचा आकडा नाही, पैसे भरा नाही. मला तर हेच सगळ्यात आवडलं.

आता डाउनलोड्सचं. इथे नीट वाचा.

त्याच पानावर डाउनलोड्स फोल्डरचं पण सेटिंग आहे आणि ते आधीपासून "कधीच नाही" वर असतं. मी शहाणा, म्हटलं व्हॉट्सअ‍ॅपवरून येणारा सगळा कचरा तिथेच पडतो, करून टाकू १४ दिवस. त्यात स्पष्ट लिहिलंय की इतके दिवस उघडली नसेल ती फाईल जाईल, मी काय वाचतो. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या काकू आल्या, काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका करायची होती, त्यांच्या लग्नातला काळा-पांढरा फोटो मुलाने स्कॅन करून पाठवलेला, तो मी घेतला आणि म्हटलं तारीख ठरली की या. काकू आल्या तीन आठवड्यांनी. फोटो नाही! दुकानाच्या फोनमधल्या चॅट मीच दर आठवड्याला उडवतो, त्यामुळे तिथे पण नाही, आणि काकूंनी मधल्या काळात फोन बदललेला. मला घाम फुटला हो, कारण मूळ फोटोचं काय झालंय ते विचारायची पण हिंमत होईना. शेवटी मुलाच्या मेलमध्ये सापडला आणि त्याने परत पाठवला. काकू शांत होत्या, एवढंच म्हणाल्या, "तुझा कॉम्प्युटर आमच्या ह्यांच्यासारखाच दिसतोय, पेपर दोन दिवस टीपॉयवर राहिला की रद्दीत." आता यात चूक माझीच, यंत्राला सांगितलं तेच त्याने केलं. त्याच दिवशी डाउनलोड्स परत "कधीच नाही" वर टाकलं आणि गिऱ्हाइकाची फाईल आली की आधी डीमध्ये, मग चहा.

बाकी कमी काय आहे म्हणाल तर एक म्हणजे हे फक्त सी बघतं, डीकडे ढुंकून पाहत नाही. माझ्यासारख्याला ते एका परीने बरंच आहे. कोरल म्हणजे पत्रिका-बॅनर डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, ते वापरणाऱ्यांना माहिती असेल, सेव्ह केलं की मूळ फाइलीच्या शेजारी "बॅकअप ऑफ" म्हणून दुसरी फाईल बसते, वर्षभरात अशा शेकडो साठतात, पण एकदा लाईट जाऊन मुंजीच्या पत्रिकेची मूळ फाईल उघडेनाशी झाली तेव्हा त्या बॅकअपनेच वाचवलंय, त्यामुळे त्या मी हातानेच काढतो, काम डिलिव्हर होऊन पैसे आल्यावर. उधारीवाल्यांच्या तशाच राहतात.

दुसरं, सॉफ्टवेअरने स्वतःच्या फोल्डरात जमवलेला कॅश, म्हणजे काम पटकन व्हावं म्हणून साठवलेल्या फायली, याच्या हद्दीत येत नाही. नवरात्रात भाचा नऊच्या नऊ रात्री गरब्याचं शूटिंग आणून माझ्याच कॉम्प्युटरवर प्रीमिअर प्रो या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रील्स कापत बसतो, आणि त्याचा मीडिया कॅश, म्हणजे आवाज आणि व्हिडिओ पटकन चालावा म्हणून बनवलेल्या मधल्या फायली, मुकाट्याने सीमध्ये साठत जातो. स्टोरेज सेन्स चालू असून सी परत लाल का, तर हे. प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅश म्हणून पान आहे, तिथे आपोआप उडवण्याची सोय आहे पण ती आपण चालू करायची: अमुक दिवसांपेक्षा जुनं काढ, तिथे ९० लिहिलेलं असतं, किंवा डिस्कच्या अमुक टक्क्यांच्या वर गेलं की जुनं काढत जा, तिथे १०. मूळ शूटिंगला धक्का लागत नाही, जुना प्रोजेक्ट परत उघडला तर कॅश पुन्हा बनतो, थोडा वेळ जातो इतकंच. भाच्याला म्हटलं ९० कशाला, ३० कर, दिवाळीनंतर गरब्याची रील बघतं कोण. तर म्हणे मामा, लोक मार्चपर्यंत मागतात. ठेवलंय ९०, आणि कॅशचं फोल्डर उचलून डीमध्ये दिलं. डीची हार्ड डिस्क जुनी आहे म्हणून थोडं अडखळतं, तो कुरकुरतो, कुरकुरू दे.

आणि हो, विंडोजचा मोठा अपडेट आला की जुनं विंडोज "विंडोज डॉट ओल्ड" नावाने पडून राहतं ते १० दिवसांनी आपोआप जातं, त्याला घाबरून हाताने काही करू नका.

माझ्याकडून चार स्टार. पाचवा द्यायला हात वळत नाही, कारण आपोआप चालतं तेव्हा काय काय काढलं त्याची साधी यादी पण दाखवत नाही, निदान डाउनलोड्समधलं काढताना तरी एकदा विचारायला हवं. पैसे लागत नाहीत, विंडोजबरोबरच येतं. सध्या सीमध्ये ९० जीबी मोकळी आहे. काकूंची पत्रिका छापून गेली, सोनेरी बॉर्डर, मधोमध तोच फोटो, आणि डीमध्ये "काकू, पुसू नये" नावाचं एक फोल्डर अजून आहे.