पुढची तारीख किती सेकंदांत? वकिलाच्या खिशासाठी इलेक्ट्रॉनिक डायरी निवडताना

पुकारा होतो, साक्षीदार आलेला नाही हे सांगून होते आणि न्यायाधीश समोरच्या रोजनाम्यातून मान वर न करताच ‘चौदा?’ असे विचारतात; त्या एका शब्दाचे उत्तर द्यायला वकिलाच्या हाती फार तर चार-पाच सेकंद असतात. तेवढ्या वेळात चौदा तारखेला आपण लातुरात आहोत, औशाला आहोत की निलंग्याला, आणि उलटतपासासारखे अर्धा दिवस खाणारे दुसरे काम त्या दिवशी आधीच घेतलेले आहे का, हे पाहायचे असते. इलेक्ट्रॉनिक डायरीची माझी कसोटी एवढीच आहे, आणि गेल्या जवळजवळ तीस वर्षांत वापरलेल्या यंत्रांबद्दल जे पुढे लिहितो आहे ते याच चार-पाच सेकंदांच्या मापाने लिहितो आहे. ज्यांना यंत्रात गाणी ऐकायची आहेत त्यांना या परीक्षणाचा उपयोग नाही.

कागदी डायरी ही कसोटी उत्तम प्रकारे पार करते, हे आधीच कबूल केलेले बरे. फितीत बोट घातले की आजचे पान उघडते, चार पाने उलटली की चौदा तारीख येते, आणि बॅटरीचा प्रश्नच नसतो. तिची अडचण वेगळी आहे. तारीख बदलली की जुन्या पानावर काट आणि नव्या पानावर नोंद अशी दुहेरी मेहनत करावी लागते, आणि एखादे प्रकरण याआधी कोणकोणत्या तारखांना लागले होते हे शोधायचे म्हटले तर मागच्या चार वर्षांच्या डायऱ्या कपाटातून काढाव्या लागतात. शोधण्याची सोय हे इलेक्ट्रॉनिक डायरी घेण्याचे खरे कारण आहे, आणि दुसरे कारण म्हणजे मुदत. समन्स बजावल्यापासून कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, दाखल करायला ३० दिवस, न्यायालयाने वाढवून दिले तर ९० दिवस. जिल्हा न्यायालयातल्या दिवाणी अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयातल्या अपिलाला ९० दिवस. निकालाचा दिवस वगळायचा, नकलेसाठी लागलेला काळ वगळायचा आणि उरलेला हिशोब डोक्यात ठेवायचा. डोक्यात ठेवलेला हिशोब सणासुदीच्या आठवड्यात हमखास चुकतो, आणि तिथे आठवण करून देणारे काहीतरी लागते.

माझे पहिले यंत्र म्हणजे १९९६ मध्ये घेतलेली, घडी उघडावी तशी उघडणारी डिजिटल डायरी होय. त्या काळी कॅसिओच्या आणि इतरही कंपन्यांच्या अशा डायऱ्या दुकानादुकानांत मिळत. माझी कोणत्या कंपनीची होती हे महत्त्वाचे नाही, कारण जे घडले त्यात यंत्राचा दोष नव्हता. या डायऱ्यांत साठवण टिकते ती बटणासारख्या चपट्या सेलांवर. मुख्य सेल वेगळे आणि स्मृती राखणारा सेल वेगळा असतो, आणि दोन्ही एकाच वेळी काढायचे नाहीत अशी ताकीद सोबतच्या पुस्तिकेत ठळक छापलेली असते. लातूरच्या गंजगोलाईतल्या एका घड्याळजीने सेल बदलताना सगळे एकदम उपसून काउंटरवर रांगेने मांडले आणि साडेतीनशे नोंदी त्या काउंटरवरच संपल्या. तो बिचारा ‘साहेब, आता एकदम नवी झाली बघा’ म्हणत होता, आणि एका अर्थाने ते खरेच होते. त्यानंतरचे सहा महिने मी कागदी डायरीच वापरली.

दुसरे यंत्र पाम एम-१००, म्हणजे पाम कंपनीचा खिशात मावणारा छोटा संगणक. ते २००० मध्ये बाजारात आले आणि पुढच्याच वर्षी पुण्याहून भाच्याने मला आणून दिले. आज कुणी नवे घ्यावे म्हणून नव्हे, तर असे यंत्र कसे असावे याचा नमुना म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहितो. ते बंद असतानाही खालच्या चार बटणांपैकी डावीकडचे पहिले दाबले की थेट आजचा दिवस उघडत असे. मधे कुलूप नाही, जाहिरात नाही, वाट पाहणे नाही. दोन मेगाबाइटची स्मृती आज हास्यास्पद वाटते, पण तारखा, पत्ते आणि कामांची यादी यांसाठी ती वर्षानुवर्षे पुरली. पेन्सिल सेलपेक्षा बारीक असे दोन सेल कित्येक आठवडे चालत आणि कोणत्याही पानपट्टीवर मिळत. लोडशेडिंगच्या दिवसांत ही किती मोठी सोय होती हे त्या काळात मराठवाड्यात राहिलेल्यांना सांगायला नको.

या घराण्यातला पहिला ‘पायलट’ १९९६ चा. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र बनवण्याआधी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात ठेवून हिंडण्याचा प्रयोग केला होता आणि कुणी तारीख विचारली की ते त्या ठोकळ्यावरच टिपून घेतल्यासारखे करत. मला हा प्रकार फार शहाणपणाचा वाटतो. गेल्या वर्षी नवे यंत्र घ्यायचे ठरले तेव्हा मीही सुताराकडून तेवढ्या मापाचा प्लायवूडचा तुकडा कापून घेतला आणि आठ दिवस काळ्या कोटाच्या आतल्या खिशात बाळगला. बार रूममध्ये त्यावर बरीच करमणूक झाली. पण वाकून सही करताना कोणत्या खिशातून वस्तू बाहेर सरकते हे त्यामुळे पैसे न घालवता कळले.

मग पाम का सोडला? लिपीमुळे सोडला. त्यावर एका फटक्यात अक्षर काढण्याची खास लिखावट शिकावी लागे, रोमन ‘ए’ची मधली आडवी दांडी गाळायची वगैरे, ती मी पंधरा दिवसांत शिकलो. पण देवनागरी नव्हती, आणि रोमन लिपीत ‘काळे’ आणि ‘काले’ एकच होतात. एकाच गावचे काळे वादी आणि काले प्रतिवादी असलेल्या दाव्यात मी एकदा चुकीच्या पक्षकाराला निरोप धाडला होता. शिवाय या यंत्राचे कॅलेंडर १९०४ ते २०३१ एवढ्याच वर्षांचे आहे. विकत घेताना २०३१ म्हणजे पुढचे युग वाटले होते. आता माझ्याकडच्या वाटणीच्या दोन दाव्यांबद्दल मला खात्री देता येत नाही की ते त्याआधी संपतील. जुन्या वस्तूंच्या बाजारात आजही असे पाम दिसतात, म्हणून सांगून ठेवतो: त्याची सीरियल केबल लावायला नव्या संगणकाला खोबणीच नसते, आणि सेल पूर्ण उतरले तर नोंदी पुसल्या जातात. हौस म्हणून घ्यावा, कामासाठी घेऊ नये.

यानंतरची अनेक वर्षे मोबाइलमध्ये गेली, आणि इथे बहुतेक वाचक म्हणतील की मोबाइल असताना वेगळे यंत्र हवेच कशाला. मलाही तसेच वाटत होते. पण आमच्या व्यवसायात दिवसाकाठी सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न ‘साहेब, पुढची तारीख कधी हाय?’ हा असतो, आणि तो फोनवर विचारला जातो. फोन कानाला आणि तारीख त्याच फोनच्या पोटात, अशी ही कोंडी आहे. कानापासून काढून स्पीकर लावावा तर बार रूममधल्या सगळ्यांना पक्षकाराचे गाऱ्हाणे ऐकू जाते. न्यायालयात तर मोबाइल काढून बोट फिरवणाऱ्या वकिलाकडे व्यासपीठावरून जी नजर येते तिचे वर्णन करत नाही. मी घड्याळ लावून पाहिले: कुलूप उघडणे, मधे आलेला व्हॉट्सअॅपचा निरोप बाजूला सारणे, कॅलेंडर उघडणे आणि महिना पुढे सरकवणे यात मला अकरा ते चौदा सेकंद लागत होते, आणि निरोप वाचायचा मोह झाला तर त्याहून अधिक.

न्यायालयांतल्या प्रकरणांची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्सच्या अॅपचाही उल्लेख करायला हवा, कारण तरुण सहकारी त्याच्यावर विसंबतात आणि बऱ्याच अंशी ते योग्य आहे. प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक एकदा भरून ठेवला की पुढची तारीख, टप्पा आणि आदेश दिसतात. पण ती प्रकरणाची डायरी आहे, वकिलाची नव्हे. औशाला दुपारी एक वाजता पोचायचे आहे, मोजणीच्या नकाशासाठी भूमी अभिलेखमध्ये जायचे आहे, साक्षीदाराला आदल्या संध्याकाळी बोलावले आहे, यातले काही तिथे नसते. मी ते रोज रात्री पडताळ्यासाठी वापरतो.

तर आता तिसरे यंत्र, जे मी वर्षभर वापरतो आहे. ई-इंकचा म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदा असलेले, मोबाइलच्या आकाराचे, अँड्रॉइडवर चालणारे, पण सिमकार्ड नसलेले असे हे यंत्र आहे. या जातीतला बूक्सचा पाल्मा २०२३ मध्ये आला आणि त्याच्यामुळे ही जात लोकांना माहीत झाली. इतरही मेक आहेत. मी कंपनीपेक्षा जातीबद्दल लिहितो, कारण पुढे सांगतो ते गुणदोष प्रामुख्याने पडद्याचे आहेत.

पहिला गुण म्हणजे ऊन. लातूरच्या बसस्थानकावर मे महिन्यात दुपारी दोन वाजता मोबाइलचा पडदा हाताची सावली धरूनही वाचता येत नाही. हा पडदा जितके ऊन जास्त तितका स्पष्ट दिसतो, कारण तो स्वतःचा उजेड फेकत नाही, बाहेरचा परतवतो. दुसरा गुण देवनागरीचा. जोडाक्षरे छापल्यासारखी उमटतात आणि बोटाने लिहिलेली मराठीही कीबोर्ड ओळखतो. ‘नि.दि.दा.’, ‘सा.पु.’, ‘नि. ५’ अशी आमची संक्षेपाची भाषा त्याला आठवडाभरात सवयीची झाली. तिसरा गुण म्हणजे सिम नसणे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. या यंत्रावर कुणाचा फोन येत नाही. आजचा दिवस पडद्यावरच उघडा ठेवून यंत्र झोपवता येते. बटण दाबून चौदा तारखेपर्यंत जायला मला चार सेकंद लागतात. म्हणजे पामइतके नाही, पण कागदाच्या जवळपास. चार्जिंग आठवड्यातून दोनदा.

दोष सांगतो. पडदा बदलताना क्षणभर काळा लुकलुकतो आणि आधीच्या मजकुराची फिकट छाया मागे राहते. ज्यांना झरझर सरकवायची सवय आहे ते पहिल्याच दिवशी वैतागतील. लिहिलेले अक्षर बोटाच्या किंचित मागून येते. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये मी औशाला हिरवा, निलंग्याला निळा आणि लातूरला लाल रंग दिला होता. इथे तिन्ही रंग एकाच राखाडीत मिसळले आणि पहिल्या आठवड्यात मी निलंग्याची तारीख औशाची समजून बसलो. आता प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला ‘औ’, ‘नि’, ‘ला’ असे अक्षर टाकतो. रंगांचा पडदा असलेली यंत्रेही मिळतात, पण तिथे पांढरेपणा कमी होतो आणि बारीक अक्षर मळकट दिसते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

एक उणीव मात्र या यंत्राची नाही, मी वापरलेल्या सगळ्यांची आहे. आमच्याकडे लातूर-धाराशिव भागात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, हा असा दिवस आहे की पक्षकार शेतात असतो, साक्षीदार शेतात असतो आणि खरे सांगायचे तर वकीलही भज्जी-आंबिलीच्या ओढीने कुणाच्या तरी शेतातच असतो. ती मार्गशीर्षातली अमावस्या. कॅलेंडरात ‘दरवर्षी’ असा पर्याय निवडून मी ती एकदा भरली आणि फसलो, कारण यंत्राला ‘दरवर्षी’चा अर्थ इंग्रजी तारखेनेच कळतो. २०२३ या इंग्रजी वर्षात अधिक श्रावणामुळे येळवस आलीच नाही, २०२४ मध्ये मात्र ती दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. २०२६ मध्येही अधिक ज्येष्ठामुळे ती नाही. पुढची थेट ७ जानेवारी २०२७ ला. पंचांग दाखवणारी अॅप आहेत, पण त्यांच्या तिथी माझ्या तारखांच्या पानावर उतरत नाहीत. म्हणून पाडव्याला नवे पंचांग आले की एका बैठकीत वीस-पंचवीस दिवस हाताने भरतो.

निवड करणाऱ्याने दुकानात काय पाहावे, याबद्दल थोडेसे. खोक्यावरचे आकडे वाचण्याऐवजी यंत्र बंद करून दुकानदाराला म्हणावे की पुढच्या महिन्याची चौदा तारीख दाखवा, आणि मनात आकडे मोजावेत. दुसरे, सगळ्या नोंदींची एक फाईल करून बाहेर काढता येते का ते तिथेच करून पाहावे. मी दर शनिवारी ती काढून संगणकावर ठेवतो, आणि हे घड्याळजीच्या काउंटरने शिकवलेले आहे. तिसरे, काचेखालचा हा पडदा दाबाला नाजूक असतो, तेव्हा मागच्या खिशात ठेवून स्कूटरवर बसणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. दहा इंची, पेनने लिहायची यंत्रे सुंदर आहेत, पण ती टेबलावरची आहेत. उभ्याने, एका हातात वकीलपत्रांची फाईल असताना ती वापरता येत नाहीत. मनगटी घड्याळावर तारीख वाचता येते, भरता येत नाही. दिवसाला दोन-तीनच कामे असणाऱ्यांनी कागदी डायरी घ्यावी.

माझ्या कारकुनाने, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, यंत्र पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा उलटसुलट करून विचारले, ‘साहेब, हे पडलं तर उद्याच्या तारखा कुणाला विचारायच्या?’ त्या दिवसापासून रोज सहा वाजता मी वाचून दाखवतो आणि मामा कागदी डायरीत उतरवून घेतात. पंधरा मिनिटे लागतात. गेल्या महिन्यात त्यांनी मधेच लेखणी थांबवली आणि म्हणाले, ‘बावीसला औशाला दोन उलटतपास घेतलेत, वेगवेगळ्या कोर्टांत, एकाच टायमाला.’ यंत्रात दोन्ही नोंदी एकाखाली एक, स्वच्छ अक्षरात होत्या.