येलची नामांतर-पद्धत: कागद भक्कम, छिन्नी ढिली

इमारतीला, वसतिगृहाला किंवा अध्यासनाला कोणाचं नाव असावं, यावरून विद्यापीठांत होणारी भांडणं नवी नाहीत. त्या भांडणासाठी तयार मिळणारी पद्धत मात्र फार थोड्यांकडे आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने २०१६ साली ती लिहून काढली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. या परीक्षणात तिला एखाद्या सेवेसारखंच तपासलं आहे: काय मिळतं, कसं वापरायचं आणि कुठे बिघडतं.

आधी ही पद्धत नसताना काय झालं ते. येलमध्ये पदवीचा प्रत्येक विद्यार्थी एका निवासी कॉलेजशी जोडला जातो. राहणं, जेवण, खेळाचे संघ, पुढे आयुष्यभराची ओळख, सगळं त्या कॉलेजच्या नावाने. त्यातल्या एकाला १९३० च्या दशकात जॉन कॅल्हूनचं नाव दिलं गेलं. कॅल्हून येलचा १८०४ चा पदवीधर, पुढे अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष, आणि गुलामगिरी ही नाइलाजाची गोष्ट नसून चांगलीच गोष्ट आहे असं १८३७ मध्ये सिनेटमध्ये ठासून सांगणारा पुढारी. एप्रिल २०१६ मध्ये अध्यक्ष पीटर सॅलोवी यांनी जाहीर केलं की नाव राहील, कारण इतिहासाला तोंड द्यायचं तर तो समोर हवा. त्याच घोषणेत कॉलेजप्रमुखांचं ‘मास्टर’ हे गुलामांच्या मालकाची आठवण देणारं पदनाम रद्द झालं. म्हणजे शब्द गेला, माणूस राहिला. निकष कोणता, हे कोणालाच सांगता येईना. चार महिन्यांत, ऑगस्टमध्ये, निकष ठरवणारी समिती नेमावी लागली.

या पद्धतीचा सगळ्यात चांगला भाग इथे आहे, आणि नक्कल करणारे नेमका तोच गाळतात. कायद्याचे इतिहासकार जॉन विट यांच्या समितीला कॅल्हूनचा निकाल द्यायचाच नव्हता. तिने फक्त नियम लिहायचे होते. डिसेंबरमध्ये नियम आले. मग वेगळ्या तिघांना ते नियम कॅल्हूनला लावून बघायला सांगितलं, आणि शेवटचा निर्णय विश्वस्त मंडळाने ११ फेब्रुवारी २०१७ ला घेतला. १ जुलैपासून कॉलेज ग्रेस हॉपर यांच्या नावाने चालू लागलं. हॉपर येलमधून १९३४ मध्ये गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या, संगणकाला आज्ञा समजावून देणाऱ्या कंपायलरच्या आद्य कामातलं मोठं नाव आणि नौदलात रिअर ॲडमिरल. नियम करणारा आणि निकाल देणारा एकच असला की नियम निकालाच्या मापाने शिवले जातात. आपल्याकडची कुठलीही ‘उच्चस्तरीय समिती’ डोळ्यासमोर आणा.

आता यंत्र आतून. पहिला नियम असा की झुकतं माप जुन्या नावालाच. नाव बदलणं हा अपवाद, आणि त्या माणसाने विद्यापीठासाठी मोठं काम केलं असेल तर हे माप आणखी झुकतं. त्यानंतर चार प्रश्न. त्या माणसाचा मुख्य वारसा विद्यापीठाच्या ध्येयाच्या मुळावर येतो का? त्या वारशाला त्याच्याच काळात, त्याच्याच भूमीत जोरदार विरोध झाला होता का? नाव देताना विद्यापीठाच्या मनातलं कारणच ध्येयाविरुद्ध होतं का? आणि ती इमारत माणसं घडवणारी, एकत्र बांधणारी आहे का, की नुसतीच भिंत?

पहिल्या प्रश्नातला ‘मुख्य’ हा शब्द सगळं ओझं उचलतो. येलचा विज्ञानाचा जुना प्राध्यापक बेंजामिन सिलिमन याच्या घरात गुलाम होते. तरी त्याच्या नावाचं कॉलेज आजही उभं आहे, कारण त्याचा मुख्य वारसा विज्ञान. कॅल्हूनचं तसं नाही. त्याच्या राजकारणातून गुलामगिरीचं समर्थन वजा केलं तर हाती फार थोडं उरतं. नाव बदलून मागणारा अर्ज लिहिणारे नेमके इथे चुकतात. त्या माणसाची सगळी पापं पानोपानी मोजतात आणि ‘मुख्य’ सिद्ध करायचं विसरतात. चाळीस आक्षेपार्ह अवतरणांपेक्षा हा माणूस कशासाठी ओळखला जातो, याचा एक धड पुरावा जास्त कामाचा.

दुसरा प्रश्न ‘तेव्हाचा काळच तसा होता’ या हुकमी उत्तरासाठी आहे. त्यावर वाद घालत बसू नये, दप्तर उघडावं. १८५० मध्ये कॅल्हून वारला तेव्हा याच सिलिमनने त्याच्या बुद्धीचा मान राखूनही खंत नोंदवली, की दक्षिणेत गुलामगिरीबद्दल बोलण्या-लिहिण्याची रीतच या माणसाने बिघडवली. म्हणजे आक्षेप एकविसाव्या शतकातल्या मुलांनी शोधून काढलेला नाही, येलच्याच एका माणसाने त्याच वर्षी लिहून ठेवलेला आहे. असा एक समकालीन कागद हाती लागला की निम्मं काम झालं. तो सापडतो पत्रव्यवहारात, मृत्यूलेखांत, विरोधकांच्या भाषणांत. तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र नाव दिलं त्या वर्षीची विश्वस्तांची इतिवृत्तं लागतात. ती कोणत्या कपाटात आहेत, हे अर्ज टाइप करायच्या आधी विचारून घ्या, नंतर नव्हे.

चौथ्या प्रश्नाला आम्ही सगळ्यात जास्त गुण देऊ. कोपऱ्यातल्या कोठीघराचं नाव आणि जिथे मुलं चार वर्षं राहतात त्या घराचं नाव एका तराजूत घालायचं नाही. ज्याच्या मते काळ्या माणसाची जागा गुलामाचीच, त्याचं नाव छातीवर छापलेला टी-शर्ट काळ्या विद्यार्थिनीने घालायचा, हा प्रश्न कोठीघराच्या बाबतीत येतच नाही.

निकाल काहीही लागो, काम संपत नाही, हेही लिहिलेलं आहे. नाव ठेवलं तर संदर्भ सांगायचा, बदललं तर जुनं पुसायचं नाही. म्हणून हार्कनेस टॉवरवरचा कॅल्हूनचा पुतळा तिथेच आहे, आणि जुन्या विद्यार्थ्यांना स्वतःला कॅल्हूनचे म्हणवून घ्यायची मोकळीक आहे.

इथवर कागद. आता छिन्नी.

कॅल्हून कॉलेजच्या बैठकीच्या दालनात रंगीत काचांची एक खिडकी होती. तिच्यात कॅल्हून, आणि त्याच्यासमोर साखळदंडात गुडघे टेकलेला काळा माणूस. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतला. उपाय काय झाला? गुडघे टेकलेल्या माणसाचं तावदान काढलं. कॅल्हून राहिला. अपमान ज्याचा झाला त्याला बाहेर काढून ज्याने केला त्याला एकट्याला निवांत उभं ठेवणं, याहून उलटं काम शोधून सापडणार नाही. काच बसवणाऱ्याचा यात दोष नाही. ‘खुपतं ते काढा’ एवढाच हुकूम असला की हात पहिल्यांदा सगळ्यात दुबळ्या आकृतीकडेच जातो. जून २०१६ मध्ये त्याच इमारतीतल्या भोजनगृहात कापूस वाहणाऱ्या गुलामांचं चित्र असलेलं तावदान तिथल्या एका कर्मचाऱ्याने झाडूच्या दांड्याने फोडलं. आधी अटक, नंतर खटला मागे, मग नोकरी परत. त्यानंतर बाकीच्या वादग्रस्त काचा उतरवून जपून ठेवल्या गेल्या. नव्या काचा फेथ रिंगगोल्ड आणि बार्बरा अर्ल थॉमस या कलावंतांकडून करून घेतल्या. बसल्या तेव्हा २०२२ उजाडलं होतं. नाव बदलायला अकरा महिनेही लागले नाहीत, काचांना सहा वर्षं.

दुसरा नमुना स्टर्लिंग ग्रंथालयाच्या दारावरचा. दगडात कोरलेला एक प्युरिटन, म्हणजे इंग्लंडहून आलेला कर्मठ ख्रिस्ती, बंदूकधारी, शेजारी धनुष्य घेतलेला मूळनिवासी. तिथे नवं केंद्र व्हायचं होतं, बांधकाम चालू होतं. तेवढ्यात बंदुकीवर दगडी थर चढवून ती झाकून टाकली. धनुष्य उघडंच राहिलं. आता चित्र असं झालं की एकाच्याच हातात शस्त्र, आणि तेही ज्याच्यावर बंदूक रोखली होती त्याच्या. २०१७ मध्ये विद्यापीठाला सांगावं लागलं की झाकण काढू, आणि अख्खं शिल्प अभ्यास करता येईल अशा जागी हलवू. नियम तयार होऊन तेव्हा काही महिने झाले होते! पण ते नावांसाठी लिहिलेले. शिल्पं, काचा, तसबिरी यांचा कारभार दुसऱ्या टेबलावर. पद्धतीतली सगळ्यात मोठी फट हीच. कोणी वापरणार असेल तर पहिल्याच पानावर एक वाक्य घालावं: कोरीव काम, काच, चित्र किंवा फलक यांना लेखी निर्णयाशिवाय देखभाल विभागाने हात लावू नये, आणि लावण्याआधी पूर्ण आकृतीचा फोटो दप्तरी ठेवावा.

बोलण्याच्या स्वातंत्र्याचा खाना वेगळा, आणि तो वेगळाच ठेवलेला बरा. येलकडे त्यासाठी १९७४ चा वुडवर्ड अहवाल आहे. त्या वर्षी वंश आणि बुद्धी यांबद्दल भलते दावे करणाऱ्या विल्यम शॉकली यांना गोंधळ घालून बोलू दिलं नव्हतं. त्याआधी १९६३ मध्ये वर्णभेदवादी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांचं निमंत्रण मागे घ्यायला विद्यापीठानेच लावलं होतं. अहवाल म्हणतो, विचार कितीही दुखावणारा असो, बोलू द्यायचं. वर्णभेदाच्या इतिहासावर हयात घालवलेल्या माणसाच्या अध्यक्षतेखाली हे लिहिलं गेलं, हे टीकाकार विसरतात. पाहुणा बोलतो ते त्याचं मत. दारावरची पाटी हे विद्यापीठाचं स्वतःचं बोलणं. पाहुण्याला संरक्षण आहे म्हणून पाटीला ते मिळत नाही, आणि पाटी उतरवली म्हणून पाहुण्याला गप्प करता येत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये हॅलोविनच्या सणाला कोणते पोशाख घालावेत यावरच्या एका ईमेलवरून जो वणवा पेटला त्यात हे दोन्ही एका परातीत मळले गेले, आणि त्या ईमेलच्या शब्दांवरचा राग कॅल्हूनच्या पाटीवरच्या रागात मिसळला. तक्रार कोणत्या खान्यातली, हे पहिल्या दिवशी ठरलं नाही तर दोन्ही समित्या एकमेकींच्या टेबलावर कागद ढकलत बसतात.

या पद्धतीचा हात जिथे पोचत नाही ती जागा म्हणजे विद्यापीठाचं स्वतःचं नाव. एलायहू येल हा १६८७ ते १६९२ मद्रासच्या किल्ल्यावर ईस्ट इंडिया कंपनीचा प्रमुख. तिथल्या कंपनीच्या व्यवहारात गुलामांची ने-आणही होती. मराठी वाचकाला तो वाटतो तितका परका नाही. छत्रपती राजाराम महाराज जिंजीत असताना, १६९० मध्ये, कंपनीने कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला, तो येलच्याच कारकिर्दीत. किल्ल्यावरून सोडलेला तोफेचा गोळा जिथवर पडेल तिथवरची गावं सौद्यात धरली होती. कंपनीने तोफ कशी निवडली असेल ते सांगायला नको. १७१८ मध्ये याच येलने कनेक्टिकटच्या छोट्या कॉलेजला ४१७ पुस्तकं, राजाची तसबीर आणि मालाचे नऊ गठ्ठे पाठवले. गठ्ठे विकून सुमारे ५६२ पौंड आले आणि नाव कायमचं चिकटलं.

त्याच्या एका समूहचित्रात गळ्यात धातूचं कडं असलेला काळा मुलगा सेवेला उभा आहे. येलच्या ब्रिटिश कला केंद्राने ते चित्र २०२० मध्ये भिंतीवरून उतरवलं, मुलाविषयी संशोधन केलं आणि २०२२ मध्ये नव्या माहितीसह परत लावलं. त्या मुलाला चित्रातून कोणी खरवडून काढलं नाही. तीस वर्षांपूर्वीच्या तावदानाशी तुलना केली की सुधारणा कुठे झाली ते दिसतं.

बाजारातले बाकीचे पर्याय थोडक्यात. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजने ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल रोड्सच्या पुतळ्यासाठी आयोग नेमला, आयोगातल्या बहुतेकांनी पुतळा काढण्याच्या बाजूने कौल दिला, आणि २०२१ मध्ये कॉलेजने खर्च व परवानग्यांचं कारण देत तो तिथेच ठेवला. निकाल मानायचा नसेल तर आयोग नेमू नये. नॉर्थ कॅरोलायनात २०१५ च्या कायद्याने स्मारकं हलवायला जवळजवळ बंदीच घातली, मग ऑगस्ट २०१८ मध्ये जमावाने चॅपल हिलच्या विद्यापीठातला, यादवी युद्धातल्या गुलामगिरीवादी दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा दोर लावून पाडला. दार बंद केलं की लोक खिडकी शोधतात. जॉर्जटाऊन विद्यापीठाचा माल वेगळ्या प्रतीचा. १८३८ मध्ये ते चालवणाऱ्या जेझुइट धर्मगुरूंनी गुलाम म्हणून विकलेल्या २७२ माणसांच्या वंशजांना प्रवेशात प्राधान्य, आणि दोन इमारतींना नवी नावं, त्यातलं एक विकल्या गेलेल्या आयझॅक हॉकिन्सचं. नावापलीकडे जायचं असेल तर येलचा कागद बाजूला ठेवून तिकडे बघावं.

येलच्या पद्धतीत ठेवा किंवा बदला असे दोनच खाने आहेत, आणि मराठी वाचकाला ते लगेच खटकेल. मराठवाडा विद्यापीठाचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला, अंमल १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरं जळली, माणसं मेली. शेवटी जुनं नाव ठेवून त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं, तो नामविस्तार. तिथे जुनं नाव कोणा अपराध्याचं नव्हतं, त्यामुळे प्रश्नच निराळा. पण ‘जोडा’ हा तिसरा खाना असू शकतो, हे येलच्या समितीच्या कागदात नाही.

गुण द्यायचे तर नियमांना पाचपैकी साडेचार, अंमलबजावणीला अडीच. अहवाल उतरवून घेतलात तर आधी तत्त्वांचं प्रकरण वाचा, येलच्या जुन्या नावांचा लांबलचक इतिहास नंतर. आणि अर्ज करायच्या आधी इमारतीतून एक चक्कर मारून काचा, कोनाडे, छताखालची नक्षी यांचे फोटो काढून ठेवा.