रामसेस शाफी यांचा ऑनलाइन गीतसंग्रह: गाणी अस्सल, श्रेयनामावली कोरी

मी वापरत असलेल्या सशुल्क संगीतसेवेवर डच नट, गायक आणि गीतकार रामसेस शाफी (१९३३–२००९) यांची महत्त्वाची गाणी सहज सापडतात आणि ध्वनी इतका स्वच्छ आहे की ओळीआधी घेतलेला त्यांचा श्वासही ऐकू येतो. नाट्यसंगीतावर वाढलेल्या मराठी श्रोत्याला गाणारा नट परका नाही. शाफी ॲमस्टरडॅमच्या नाट्यशाळेत घडले, आणि १९६४ मध्ये ‘शाफी शांतां’ हा गाण्यांचा रंगमंचीय कार्यक्रम उभा केल्यावरही त्यांच्यातला नट कधी मागे सरला नाही. गायिका लीसबेथ लिस्ट यांच्याबरोबरच्या ‘पास्तोराल’ या द्वंद्वगीतात ते चक्क सूर्याची भूमिका गातात. आपले निळे आकाश, ढगांचे मनोरे, आपल्याभोवती फिरणारे ग्रह यांची बढाई ते अशा थाटात मारतात की भाषा न समजताही पात्र डोळ्यांपुढे उभे राहते.

माझी तक्रार माहितीच्या मांडणीबद्दल आहे. ‘लाट मे’ (१९७८) या गाण्याखाली केवळ शाफींचे नाव दिसते. आपण कदाचित उशिरा जन्मलो किंवा वेगळ्याच उजेडाच्या देशात जन्मलो, असे त्यात गायक म्हणतो. इजिप्शियन वडील, पोलिश-रशियन वंशाची आई, पॅरिसजवळचा जन्म आणि लायडनमधील पालक-कुटुंबात गेलेले बालपण ठाऊक असलेल्याला ही आत्मकथाच वाटेल. प्रत्यक्षात डच शब्द हर्मन पीटर द बूर यांचे आहेत आणि चाल मूळची फ्रेंच गाण्याची आहे. परक्याचे शब्द इतके स्वतःचे करून गाणे हेच शाफींचे मोठेपण. गीतकाराचे नाव गाळल्याने नेमके तेच झाकले जाते. उलट ‘सामी’ (१९६६) हे खरोखर त्यांनी स्वतः रचलेले गाणे, ज्यात खाली मान घालून चालणाऱ्या एकाकी माणसाला ते वर बघायला सांगतात, पण तिथेही तपशील कोराच.

क्रमही कालानुसार नाही. २००५ मध्ये आल्डरलीफस्त या चमूसह आणि लिस्ट यांच्यासह झालेले ‘लाट मे’चे नवे रूप इथे मूळ गाण्याच्या आधी वाजते. कोर्साकॉफ विकाराने स्मृती खालावल्यानंतरचा तो थकलेला आवाज १९७८ च्या आवाजानंतरच ऐकायला हवा. म्हणून सेवेची तयार यादी बाजूला ठेवून ‘सामी’पासून स्वतःची यादी करावी, आणि सेवेने गीतकार, संगीतकार व वर्ष ही माहिती प्रत्येक गाण्याखाली तातडीने द्यावी.